सोळा आण्यांतले चार

डिचोलीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर
ॲडव्होकेट धुमे बाईंचं ऑफिस. जिना अरुंद.
कुमुदच्या गुडघ्यांसाठी तीनदा थांबलो,
तिसऱ्यांदा मी तिला सांगून टाकलं,
तू काही बोलू नकोस, मी सांगतो सगळं.

सगळं म्हणजे
नार्व्याचं घर, मागची सात काजूची झाडं,
बँकेतली ठेव आणि स्कूटर, जी आता चालत नाही.
प्रमिलाच्या नावावर करा, म्हटलं.
उल्हास बहारीनला, जमलं तर चवथीला येतो.
सुलभा बेळगावला, तिचं बरं चाललंय.
माझी लघवीची पिशवी बदलली ती प्रमिलानं.
हे शेवटचं वाक्य घरून ठरवून आणलं नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
घर कधी बांधलं? लग्नानंतर.
लग्नाआधी काही करार?
करार कसला बाई, मुंडावळ्या होत्या.
"मग आठ आणे यांचे,"
त्यांनी कुमुदकडे मान वळवली.
"तुमचे आठ. त्यातले चार तिन्ही मुलांचे,
तुमचं भांडण असो की लळा असो, त्यांचेच.
मृत्युपत्रात लिहायला तुमच्या हातात उरतात चार."

पोर्तुगीज गेले तेव्हा मी दुसरीत होतो.
जाताना हे एवढं मागे ठेवून गेले,
मला कुणी सांगितलंच नाही.
एकतीस वर्षं नार्वे ते दिवाडी फेरीबोट हाकली,
बोट सरकारची, पाणी कुणाचंच नाही,
म्हणून घराला तरी माझं म्हणायचो.

"आणि काहीच नाही लिहिलं तर?"
बाईंनी खालच्या खणातून एक फाईल काढली,
नाडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली.
नाव दाखवलं नाही. पाच भावंडं, म्हणाल्या,
इन्व्हेंटरी नऊ वर्षं चालली.
शेवटी कोर्टात आपसांतच बोली लावली,
थोरला दोन हजार चढायचा, धाकटी पाच.
आईचा पाटा-वरवंटासुद्धा यादीत होता, अनुक्रमांक बावीस.
कुमुद पहिल्यांदा पुढे वाकली.
"पाटा कोणाला गेला?"
बाईंना आठवेना.

मग पंधरा दिवसांनी सब-रजिस्ट्रारसमोर.
साक्षीला आमचा पोस्टमन आणि झेरॉक्सवाला मुलगा.
माझा कागद वाचून दाखवला,
त्यात मी शुद्धीवर होतो, कुणाचा दबाव नव्हता,
आणि माझे चार आणे प्रमिलाला.
सही करताना हात कापला, वयाचा.

"आता यांचा."
यांचा कसला, मी म्हटलं.
यांच्याही आठांतले चार यांचे, धुमे बाई शांतपणे म्हणाल्या,
त्या मंगळवारी येऊन गेल्या.
मंगळवारी. म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे म्हणून निघाली होती तेव्हा.

कारकून वाचत गेला, सपाट आवाजात, विजेचं बिल वाचावं तसा.
कुमुदचे चार आणे सुलभाला.
सुलभाला, जिचं बरं चाललंय.
जिला चार बांगड्यांवर बेळगावला धाडली
आणि उल्हासच्या व्हिसाला त्यातल्या दोन परत मागितल्या.
हे कागदात नव्हतं.
कुमुद सही करत होती, पूर्ण नाव, वेलांट्यांसकट,
पेन मध्येच अडलं तर झटकून.

बसमध्ये मयेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं.
मग म्हटलं, विचारायचं तरी.
"तुम्हीच म्हणालात, काही बोलू नकोस."
पदरात पाव होते, म्हापशाहून आणलेल्या मिरच्या होत्या,
बाईंच्या फीची पावती मिरच्यांच्या कागदाला चिकटली होती.

दारात प्रमिला उभी.
दुपारची गोळी चुकवलीत ना, म्हणाली,
आणि इतका वेळ कुठे लागला.
कुमुदनं चपला काढल्या, माझ्याही सरळ लावल्या.
दातांचं काम होतं, मी म्हटलं.